लवकर न हरण्याचा बचाव

बुद्धिबळ शिकवणाऱ्या माणसाबरोबर बुद्धिबळ कोणी खेळत नाही. ऐकून लोक हसतात, पण माझा अनुभव असा आहे. मुलं येतात, शिकतात, जरा हात बसला की मोठ्या क्लासला जातात, नाहीतर दहावी आली म्हणून पट माळ्यावर टाकतात. त्यांचं काही चुकत नाही. पण ‘चला मॅडम, एक डाव टाकू’ असं म्हणत माझ्या अंबरनाथ पश्चिमेच्या घराची बेल कोणी वाजवल्याचं मला आठवत नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात मी आयुष्यभर बुद्धिबळाचे क्लास घेतले. लग्न केलं नाही. आई-वडील होते तोवर घरात आवाज होता, आता फ्रिजचा असतो. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर क्लास बंद केले. शेजारच्या काकू अजून विचारतात, ‘तुम्ही ते कॅरम शिकवायचात ना?’ मी हो म्हणते.

या कामात शिकवणं निम्मं आणि मोठ्यांना सांभाळणं निम्मं. बदलापूरच्या एका सोसायटीतली आई दर महिन्याला विचारायची, ‘पण मॅडम, गणितात मार्क कधी वाढणार?’ वांगणीला फार्महाऊस बांधलेल्या एका साहेबांनी संगमरवरी पट आणला आणि तो कसा मांडायचा हे दाखवायला मला बोलावलं. पट आडवा ठेवला होता. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं, तिथे काळं आलं होतं. मी सांगितलं. साहेब म्हणाले, ‘सोफ्याला असाच मॅच होतो.’ मग मी चहा घेतला आणि परत आले.

आमच्या धंद्यात आणखी एक काम असतं, ते कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. त्याला मी ‘सोडणं’ म्हणते. समोर पहिली-दुसरीतलं पोर बसलेलं असतं. त्याचा राजा उघडा पडलेला असतो आणि मला एका चालीत मात दिसत असते. ती केली तर डाव संपेल, पोराचा चेहरा पडेल, आणि पुढच्या आठवड्यात ते यायचं नाही. म्हणून मी ती मात सोडते. कडेचं एखादं प्यादं उगाच एक घर सरकवते, डोकं खाजवते, ‘बाप रे, आता मी काय करू’ असं पुटपुटते. हे सोडणं पोराला कळता कामा नये. कळलं तर ते हरण्यापेक्षा जास्त लागतं.

परसरामदादांचा फोन आला तेव्हा माझे क्लास संपत आले होते.

‘अदी, तुम्ही शतरंज शिकवता ना? मोठ्या माणसाला शिकवणार काय?’

सिंधी लोक बहिणीला अदी म्हणतात. हे गृहस्थ माझ्यापेक्षा चांगले दहा-बारा वर्षांनी मोठे, तरी शेवटपर्यंत मी त्यांची अदीच राहिले. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये त्यांचं धान्याचं आणि पापडांचं दुकान होतं. दुकान त्यांनी केव्हाच बंद केलं होतं. खाली आता मोबाइलची कव्हरं विकणारा मुलगा बसायचा आणि वरच्या दोन खोल्यांत दादा एकटे राहायचे. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मी गेल्या गेल्या त्यांनी पाण्याचा ग्लास आणि भाजलेला पापड समोर ठेवला. नुसतं पाणी दिलं तर त्या घरात पाहुणचार झाल्यासारखा वाटत नाही.

‘काय शिकायचंय तुम्हाला?’ मी विचारलं.

‘मेरेको जीतना नहीं है,’ दादा म्हणाले. ‘पण लवकर हरायचं पण नाय. अशी काहीतरी चाल शिकवा, की गेम लंबी चलेल.’

इतक्या वर्षांत अशी मागणी माझ्याकडे कोणी केली नव्हती. लोकांना चार चालींत मात हवी असते, समोरच्याचा वजीर पकडायचा सापळा हवा असतो. हरायला तयार असलेला, पण सावकाश हरू इच्छिणारा विद्यार्थी मी पहिल्यांदा बघत होते.

कारण त्यांनी पापडाचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. मुलगा नरेश पुण्याला असतो. दुकानात बसायचं नाही म्हणून तो गेला, त्यावरून दोघांत वाजलं, आणि आई गेली त्या दिवसांत तोंडातून जे निघायला नको होतं ते दोन्हीकडून निघालं. तेव्हापासून बोलणं बंद. मग एके दिवशी दादांच्या फोनवर बुद्धिबळाच्या अॅपमधून निरोप आला, की नरेशने तुम्हाला डावाचं आमंत्रण दिलं आहे. लहानपणी दादांनीच त्याला दुकानाच्या गादीवर बसून हा खेळ शिकवला होता. दादांनी आमंत्रण स्वीकारलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी बाप-लेक एक डाव खेळत होते. त्या अॅपमध्ये लिहून बोलायचीही सोय आहे. तिथे दोघांपैकी कोणीही एक अक्षर लिहिलेलं नव्हतं.

‘तो आला की त्याच्या नावाजवळ हिरवी बत्ती लागते,’ दादा म्हणाले. ‘गेम खतम, बत्ती बंद. मी गधा आहे अदी, पटकन हरतो. चहा थंड व्हायच्या आत त्याची बत्ती बंद.’

त्यांना बचाव हवा होता तो त्या बत्तीसाठी. मी हो म्हटलं, आणि घरी येताना रिक्षातच कुठला बचाव शिकवायचा याचा विचार सुरू केला.

आता बाहेरच्या वाचकांसाठी थोडं समजावून सांगते. डावाच्या पहिल्या दहा-बारा चालींना ओपनिंग म्हणतात. नरेशकडे दर वेळी पांढरे मोहरे असायचे आणि तो वजिरासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकून सुरुवात करायचा. अॅपमध्ये काळे मोहरे दादाच निवडायचे, पहिली चाल त्याने करावी म्हणून. या सुरुवातीला काळ्याकडे डझनभर उत्तरं आहेत. त्यांतलं मी दादांसाठी ओल्ड इंडियन डिफेन्स, म्हणजे जुना भारतीय बचाव निवडला. यात काळा फार पुढे जात नाही. दोन प्यादी मधे रोवतो, मोहरे त्यांच्या मागे दाटीवाटीने बसवतो, राजाला कोपऱ्यात सुरक्षित ठेवतो आणि म्हणतो, ये आता. बचाव चांगला भक्कम आहे, पण त्यात श्वास घ्यायला जागा कमी. मीच वर्गात मुलांना दटावत आले होते, ‘असं घरात दडी मारून बसू नका रे.’

बचाव निवडला खरा, पण तो शिकवायला साहित्य हवं. आणि ते शोधताना माझ्या नाकी नऊ आले. मराठीत काही असण्याचा प्रश्नच नव्हता. हिंदीतही नाही. मुंबईच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे बुद्धिबळाचं जे मिळालं त्यात या बचावाला दोन पानं, तीही ‘काळ्याला फारसा वाव नाही’ म्हणून उरकलेली. व्हिडिओ बघायला बसले तर जो तो हा बचाव कसा मोडून काढायचा तेच सांगत होता. समोरच्याने घरात शांत बसावं आणि आपण त्याचं घर पाडावं, यात लोकांना फार रस. घरात बसलेल्याने काय करावं, हे सांगायला कोणी नाही. कॉम्प्युटरला विचारलं तर तो प्रत्येक चालीला एकच निकाल द्यायचा, पांढरा थोडा बरा. त्याचं बरोबर होतं, पण त्याला सत्तरी ओलांडलेला बाप ठाऊक नव्हता.

शेवटी मी वेगळा मार्ग काढला. पांढऱ्यासाठी लिहिलेलं साहित्यच घेतलं आणि ते उलट्या बाजूने वाचलं. हल्ला शिकवणारा माणूस मधेच कुठेतरी, हळूच, कबूल करतो की इथे काळा असं खेळला तर काम कठीण आहे. तेवढीच वाक्यं मी वेचली. मग इंटरनेटवरच्या जुन्या डावांच्या साठ्यातून या बचावाचे असे डाव काढले जे रखडत रखडत लांबले. कोण जिंकलं ते मी बघितलंच नाही, किती चालला तेवढं बघितलं. आणि जिथे काहीच मिळालं नाही तिथे स्वतः पट मांडून दोन्ही बाजूंनी खेळत बसले. क्लास कमी झाले होते, वेळ भरपूर होता. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला सकाळी उठायला बरं वाटायचं.

दादांना त्यातली एक गोष्ट फार आवडली. या बचावात काळ्याचा राजाशेजारचा उंट सुरुवातीला फक्त एक घर सरकतो. मग राजा कोपऱ्याकडे जातो, हत्ती मधे येतो, आणि तो उंट माघारी फिरून जिथून निघाला त्याच घरात जाऊन बसतो.

‘वापस?’ दादांनी विचारलं.

‘वापस. त्याच्या मागच्या हत्तीला वाट मोकळी होते, आणि उंट घरात बसून राजाला सांभाळतो.’

‘ये तो फोकट का चक्कर हुआ!’ असं म्हणून ते इतके हसले की खालच्या मोबाइलवाल्याने वर डोकावून बघितलं.

कोणीही त्या अॅपवर दुसऱ्यांचा चालू डाव बघू शकतं. मी रविवारी सकाळी चहा घेऊन माझ्या घरी बसायचे आणि फोनवर त्या दोघांचा डाव बघायचे. शिक्षक म्हणून बघत होते असं मी स्वतःला सांगायचे. डाव खरंच लांबायला लागले. चहा थंड व्हायचा, आणि हिरवी बत्ती चालूच असायची.

शिकवण्याच्या निमित्ताने मी त्यांचे जुने डावही काढून बघितले. आणि तिथे मला नको ते दिसलं. एका डावात नरेशला सरळ मात देता येत होती. वजीर उचलायचा आणि ठेवायचा, एवढंच. त्याने कडेचं प्यादं एक घर सरकवलं होतं. चूक होते माणसाची. पण दुसऱ्या डावात तेच, आणि त्याच्या आधीच्या डावातही तेच. दर वेळी मात सोडायची आणि कडेचं प्यादं. ते प्यादं मी चांगलं ओळखते, आयुष्यभर मीच ते सरकवत आले आहे.

पोरगाही डाव लांबवत होता. बापाचा खेळ इतका कच्चा होता, की सोडून सोडून तो तरी किती सोडणार!

हे दादांना सांगायचं का? सांगितलं तर मुलाचा किती जीव आहे ते कळेल, पण त्याने दया केली हेही कळेल. आमची शिकवणी दर बुधवारी असायची. मी दोन बुधवार गप्प राहिले. तिसऱ्या बुधवारी राहवलं नाही. म्हटलं, ‘दादा, नरेश तुम्हाला सोडतो.’

त्यांनी वर बघितलंसुद्धा नाही. ‘मालूम है,’ म्हणाले. ‘मी दुकानदार माणूस, अदी. जो गिऱ्हाईक आवडायचा त्याला मापावर मूठभर जास्त टाकायचो मी. न दाखवता. पण घेणाऱ्याला कळतंच ना? घरी जाऊन डब्यात ओतलं की कळतं.’

‘मग?’

‘मग काय? मुलाकडून किती दिवस मूठभर जास्त घेऊ? त्याला पण वाईट वाटत असेल, बाप इतका खराब खेळतो. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. मी नीट खेळलो तर त्याला सोडायला लागणार नाय. तो पण खुलके खेळेल.’

मला वाटलं होतं दादांना नुसती बत्ती जास्त वेळ चालू हवी आहे. ते मुलाच्या खांद्यावरचं ओझं काढत होते.

मग तो रविवार आला. दादा असे खेळले की मी माझ्या खोलीत एकटीच टाळ्या वाजवल्या. प्यादी रोवली, राजा कोपऱ्याकडे, हत्ती मधे, आणि उंट परत घरी. नरेश खूप वेळ थांबला. मग त्याने चाल केली, साधीच. आता दादांची पाळी होती, पुढची चाल सोपी होती, आम्ही ती दहा वेळा घोकली होती. पण दादांचं घड्याळ नुसतं पळत राहिलं; अॅपमध्ये प्रत्येकाला चालींसाठी ठराविक वेळच असतो. मोहरा हलेना. मी फोनकडे बघून ओरडत होते, ‘अहो, घोडा! घोडा हलवा!’ वेळ संपला. चांगल्या डावात दादा घड्याळावर हरले. हिरवी बत्ती काही वेळ तशीच राहिली आणि मग गेली.

मी फोन केला, त्यांनी उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या दाराची बेल वाजली. दादा कधीच माझ्या घरी आले नव्हते. जिना चढून त्यांना धाप लागली होती. त्यांनी फोन माझ्या हातात दिला. अॅपमधली ती लिहून बोलायची जागा उघडी होती, आणि त्या आजवर कोऱ्या राहिलेल्या जागेत एक ओळ होती: ‘बाबा, ऊंट वापस क्यों ले गए?’

‘मी ते वाचत बसलो,’ दादा म्हणाले. ‘वाचतच बसलो. टाइम गेला. उत्तर नाय दिलं मी. तो समजेल बाबा अजून गुस्सा आहे. अदी, आता तो परत नाय विचारणार.’ बायको गेली हे सांगतानाही त्यांचा आवाज असा झाला नव्हता.

मी त्यांना पाणी दिलं. पापड नव्हता, बिस्किटं ठेवली. मग मी शिक्षिका असल्यासारखी बोलायला लागले. लिहा, की हत्तीला वाट मोकळी होते, मधल्या प्याद्याला मागून जोर लागतो, राजाजवळचं घर राखलं जातं. दादांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली. मग फोन घेतला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत लिहिलं. मला दाखवलं. ‘घर आ। दिखाता हूँ।’

‘चालेल?’ त्यांनी विचारलं.

‘चालेल,’ मी म्हटलं. माझ्या सगळ्या साहित्यात इतकं चांगलं उत्तर नव्हतं.

निघताना त्यांचं लक्ष खिडकीजवळच्या टेबलाकडे गेलं. पट मांडलेला होता, अर्धा डाव झालेला. खुर्ची मात्र एकच.

‘किसके साथ?’

‘कुणाबरोबर नाही. तुमच्याच ओपनिंगचा अभ्यास.’

ते काहीतरी बोलणार होते, पण खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत होता.

त्या बुधवारी दादांनी शिकवणी नको म्हणून कळवलं. रविवारी मी चहा घेऊन फोन उघडला. त्यांचा डाव कुठेच दिसेना. दोघांच्याही नावांजवळ बत्ती नाही. माझ्या मनात नाही नाही ते आलं. मुलाने उत्तर वाचून अॅपच काढून टाकलं असेल का? दादांना काही झालं असेल का? फोन लावायला घेतला तेवढ्यात त्यांचाच आला.

‘अदी, आज मोबाइलवर नाय,’ ते कुजबुजत बोलत होते, पण आवाजात आनंद मावत नव्हता. ‘आज समोर. कल रात को आया. तुमचा तो उंट मी त्याला दाखवला, त्याला पटतच नाय!’

मागून एक आवाज आला, जाड, थोडा वैतागलेला. ‘बाबा, आपकी चाल है।’

‘आलो, आलो,’ दादा म्हणाले आणि फोन ठेवायचंच विसरले. मी ऐकत राहिले. प्यादं पटावर टेकल्याचा आवाज आला, कोणीतरी काहीतरी म्हटलं, दादा हसले. मग मीच फोन बंद केला.

मला खूप बरं वाटलं, हे अगदी खरं. आणि त्याच्या मागोमाग घर इतकं रिकामं वाटलं, की मी उठून उगाच सगळे दिवे लावले, भर सकाळी. माझ्याकडे आता या बचावाचं इतकं साहित्य होतं, जितकं या पट्ट्यात कोणाकडेच नसेल, आणि ते मागायला येणारा एकुलता एक माणूस आपल्या मुलासमोर बसला होता. बसावाच. त्यासाठीच तर सगळं होतं.

दादा अजून सणावाराला फोन करतात. ‘आता तुम्ही या, एक गेम खेळू,’ असं म्हणतात. गुडघे बरे झाले की जाईन म्हणते.

त्या रविवारी मात्र मी टेबलाशी बसले. पट मांडला. वजिरासमोरचं प्यादं पांढऱ्याकडून दोन घरं पुढे टाकलं, पट फिरवला, काळ्याकडून उत्तर दिलं. पुन्हा फिरवला. उंट गेला आणि घरी परत आला. दुपार झाली तरी डाव चालू होता. मग काळ्याकडून माझी एक चूक झाली, आणि पट पांढऱ्याकडे फिरवल्यावर मला समोर मात दिसली, अगदी स्वच्छ, एका चालीची.

मी कडेचं प्यादं एक घर सरकवलं.